वाचकांचे प्रश्न : आदळलेला बीम आणि वाकलेला गर्डर

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. काहीतरी जोरात आदळले, लोखंड वाकले आणि ते किती वाकेल हे आधी सांगता आले असते का, असा प्रत्येकाचा रोख आहे. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्याचा हिशेब एकदा समजला की उरलेल्या तिघांचे काम सोपे होते.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सुताचे भरलेले बीम आम्ही चेन ब्लॉकने उचलून पोटमाळ्यावर ठेवतो. गेल्या महिन्यात सुमारे ३०० किलोचा एक बीम हुकातून निसटला आणि १.२ मीटर खाली, पोटमाळ्याच्या मधल्या गर्डरवर बरोबर मध्यभागी आदळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. गर्डर १५० मिलिमीटर उंचीचा आय-सेक्शन (इंग्रजी I आकाराचा) असून दोन भिंतींवर नुसता टेकवलेला आहे आणि भिंतींमधले अंतर ३ मीटर आहे. दोन टोकांना दोरी ताणून मोजले तेव्हा मध्यभागी ५५ मिलिमीटरचा कायमचा झोल भरला. आमच्या जॉबरचे, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाचे, म्हणणे असे की, या गर्डरवर एरवी तीन-तीन बीम ठेवलेले असतात, तेव्हा एका बीमने तो वाकला याचा अर्थ माल हलका होता. गर्डर बसवून देणारा फॅब्रिकेटर हे मान्य करत नाही. दोघांपैकी कोण बरोबर आहे?

उत्तर : आधी एका शब्दाचा घोळ निस्तरून घेऊ. अभियांत्रिकीच्या पुस्तकात ज्याला बीम म्हणतात तो तुमचा गर्डर, आणि सोलापूरच्या पूर्वभागात बीम म्हटले की ताणा गुंडाळलेला रूळच डोळ्यांसमोर येतो. तुमचे पत्र वाचताना मीही दोन ओळी गोंधळलो होतो. म्हणून या उत्तरात पडला तो बीम आणि वाकला तो गर्डर, असेच शब्द वापरतो.

जॉबरचा युक्तिवाद वजनापुरता खरा आहे. ३०० किलोचा बीम या गर्डरच्या मध्यावर अलगद ठेवला तर गर्डर जेमतेम १.१ मिलिमीटर खाली जातो आणि त्याच्या वरच्या-खालच्या कडेला सुमारे २३ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २३ न्यूटन, ताण येतो. साध्या बांधकाम पोलादाचा यील्ड ताण, म्हणजे ज्या ताणानंतर पोलाद परत सरळ होत नाही तो ताण, निदान २५० मेगापास्कल असतो. तेव्हा ठेवलेल्या वजनाचा विचार केला तर गर्डरला दहापट सवड आहे. परंतु पडणारी वस्तू गर्डरकडे वजनाचा नव्हे, ऊर्जेचा हिशेब मागते, आणि ऊर्जा वजनाइतकीच उंचीवरही ठरते. ३०० किलो १.२ मीटर खाली आले की सुमारे ३,५३० ज्यूल ऊर्जा जमा होते, आणि बीम थांबायचा असेल तर ही ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते.

त्यातली थोडी ऊर्जा धडकेच्या क्षणीच जाते. बीम गर्डरवर आदळून त्याला चिकटल्यासारखा खाली जातो, तेव्हा आधी स्थिर असलेल्या गर्डरलाही एकदम गती द्यावी लागते आणि त्यात काही वाटा वाया जातो. गर्डरचे वजन मीटरला सुमारे १५ किलो, म्हणजे ३ मीटरचे ४५ किलो. त्याची टोके हलत नाहीत आणि मध्यभाग मात्र बीमच्याच वेगाने जातो, त्यामुळे हिशेबात या वजनाचा एक-तृतीयांश, म्हणजे १५ किलो धरावे लागते. ३,५३० ला ३०० ने गुणून ३१५ ने भागले की ३,३६० ज्यूल उरतात. पडणारी वस्तू गर्डरपेक्षा जड असल्यामुळे ही घट पाच टक्क्यांच्या आतच राहिली. वस्तू हलकी असती तर हाच वाटा मोठा झाला असता.

आता गर्डरच्या बाजूचा हिशेब. लोखंडी पट्टी गुडघ्यावर टेकवून वाकवून पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते की, सुरुवातीला पट्टी जोराला जोर देते आणि सोडली की उसळून परत येते, पण एका टप्प्यानंतर जोर फारसा न वाढवताही ती वाकत जाते आणि सोडल्यावर वाकलेलीच राहते. गर्डरचेही तसेच होते. मध्यभागाचा वरचा आणि खालचा पट्टा आधी यील्ड होतो, मग यील्ड आतल्या बाजूला सरकत जाते आणि शेवटी त्या ठिकाणचा सगळा छेद यील्ड होऊन तिथे जणू गंजलेली, घट्ट बिजागरी तयार होते. या बिजागरीला प्लॅस्टिक बिजागरी म्हणतात आणि ती फिरवायला लागणाऱ्या मोमेंटला, म्हणजे जोर गुणिले अंतर या मापाला, प्लॅस्टिक मोमेंट म्हणतात. १५० च्या मध्यम आय-सेक्शनचे प्लॅस्टिक सेक्शन मॉड्युलस, म्हणजे छेदाच्या आकारावरून ठरणारे वाकण्याच्या विरोधाचे माप, सुमारे ११०.५ घन सेंटिमीटर असते. त्याला २५० मेगापास्कलने गुणले की २७.६ किलोन्यूटन-मीटर एवढा प्लॅस्टिक मोमेंट मिळतो. दोन्ही टोके नुसती टेकवलेली असली की मध्यभागी बिजागरी तयार करणारा भार म्हणजे या मोमेंटची चौपट भागिले लांबी, अर्थात ३६.८ किलोन्यूटन, सुमारे पावणेचार टन.

म्हणजे गर्डर वरून पडणाऱ्या बीमला जास्तीत जास्त ३६.८ किलोन्यूटन जोराने विरोध करू शकतो, त्याहून जास्त नाही. तो जोर येईपर्यंत गर्डर स्प्रिंगसारखा १४.३ मिलिमीटर खाली जातो आणि त्यात सुमारे २६३ ज्यूल साठवतो. इथेच जॉबरच्या शंकेचे खरे उत्तर आहे, कारण ३,३६० ज्यूल दारात उभे असताना या गर्डरची स्प्रिंग म्हणून साठवण्याची ऐपत २६३ ज्यूलची आहे. उरलेली ऊर्जा बिजागरी फिरवण्यात, म्हणजे कायमचे वाकण्यातच खर्च होणार होती. उत्तम प्रतीचा माल असता तरीही तो वाकलाच असता.

किती वाकला असता, हे जमाखर्चाच्या एका ओळीत मांडता येते. जमेच्या बाजूला ३,३६० ज्यूल आणि शिवाय बीम गर्डरसोबत आणखी खाली जातो त्याची ऊर्जा, म्हणजे २.९४ किलोन्यूटन गुणिले एकूण झोल. खर्चाच्या बाजूला ३६.८ किलोन्यूटन गुणिले कायमचा झोल आणि स्प्रिंगमधले २६३ ज्यूल. किलोन्यूटनला मिलिमीटरने गुणले की थेट ज्यूल मिळतात, ही सोय लक्षात ठेवावी. एकूण झोल हा कायमच्या झोलापेक्षा १४.३ मिलिमीटरने जास्त असतो, कारण तेवढा भाग नंतर उसळून परत येतो. हे समीकरण सोडवले की कायमचा झोल सुमारे ९३ मिलिमीटर येतो.

तुम्ही मोजला ५५. हिशेब आणि दोरी यांत एवढा फरक का पडला? त्याचे मुख्य कारण असे की, साधे पोलाद झटक्यात वाकवले तर सावकाश वाकवण्यापेक्षा जास्त विरोध करते. प्रयोगशाळेत नमुना सावकाश ओढून मिळालेले २५० मेगापास्कल धडकेच्या वेळी लागू पडत नाहीत. यासाठी कॉवपर आणि सायमंड्स यांनी १९५७ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात मांडलेले सूत्र आजही सर्रास वापरतात. विकृती म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेले ताणणे किंवा आखडणे. तिचा दर, म्हणजे दर सेकंदाला होणारी विकृती, ४०.४ ने भागावा, त्याचे पाचवे मूळ काढावे आणि त्यात १ मिळवावा, म्हणजे यील्ड ताण कितीपट होतो ते कळते.

तुमच्या गर्डरमधला हा दर कसा काढायचा, तेही थोडक्यात सांगतो. १.२ मीटर पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला ४.८५ मीटर असतो. गर्डरचे दोन अर्धे भाग प्रत्येकी दीड मीटरचे असल्यामुळे मधली बिजागरी सुरुवातीला सेकंदाला सुमारे ६.५ रेडियन या गतीने वाकू लागते. हे वाकणे एका रेषेवर होत नाही, ते सुमारे ३७ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरते, कारण प्लॅस्टिक मोमेंट हा यील्ड सुरू होण्याच्या मोमेंटपेक्षा १४ टक्के जास्त असतो आणि मोमेंट टोकांकडे सरळ रेषेत उतरत जातो. त्यावरून कडेच्या पट्ट्यातील दर सुरुवातीला सेकंदाला १.३ आणि बीम थांबेपर्यंतची सरासरी सुमारे ०.६५ येते. सूत्रात घातले की १.४४ मिळतात, म्हणजे २५० चे ३६० मेगापास्कल झाले. विरोध करणारा जोर ३६.८ वरून ५३ किलोन्यूटनवर गेला आणि तोच जमाखर्च पुन्हा मांडला की कायमचा झोल सुमारे ५७ मिलिमीटर येतो.

हा आकडा तुमच्या ५५ ला इतका जवळ आला याचा फार आनंद मानू नये. पडण्याची उंची मोजण्यात १० सेंटिमीटरची चूक असेल तर झोलात पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतात. बीमच्या लोखंडी चकत्या वाकल्या असतील, पत्रा दबला असेल, तर तिथेही काही ऊर्जा गेली. बाजारातल्या पोलादाचा प्रत्यक्ष यील्ड ताण किमान मर्यादेपेक्षा वरच असतो. तो ३०० धरला तर झोल ४४ वर येतो. म्हणून आधी विचारले असते तर मी ४५ ते ९५ मिलिमीटर असेच उत्तर दिले असते आणि तेही आत्मविश्वासाने दिले असते. अशा हिशेबात दशांश चिन्हापुढचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता मालाचा प्रश्न. ५५ मिलिमीटर झोलावरून उलट हिशेब केला तर धडकेच्या वेळी पोलादाने सरासरी ३७० मेगापास्कलच्या आसपास विरोध केलेला दिसतो. त्याला झटक्याच्या १.४४ ने भागले की आकडा २५० च्या वरच राहतो. तेव्हा माल हलका असल्याची खूण या झोलात नाही. वाद मिटतच नसेल तर गर्डरच्या टोकाजवळचा, न वाकलेला तुकडा कापून प्रयोगशाळेत ओढून तपासावा. वाकलेल्या भागातला तुकडा मात्र देऊ नये, कारण तो आधीच ओढला गेलेला असल्यामुळे खोटा जास्त आकडा दाखवील.

जाता जाता एक गोष्ट करून पाहा. गर्डरच्या मध्यभागी खालच्या पट्ट्यावर बॅटरीचा उजेड तिरपा टाका. रोलिंगच्या वेळचा काळसर निळा पापुद्रा जिथे तडकून आडव्या-तिरप्या रेषांत उडाला असेल तिथपर्यंत पोलाद यील्ड झाले आहे. रंग दिलेला असेल तर रंगाला बारीक भेगा दिसतील. पूर्वी प्रयोगशाळेत गर्डर तपासताना त्याला मुद्दाम चुन्याचा हात देत असत, कारण यील्ड सुरू झाले की चुना टपटप गळू लागतो. तुमच्याकडे हा पट्टा मध्यापासून दोन्हीकडे हातभराच्या आतच दिसेल आणि मग मी वर लिहिलेले ३७ सेंटिमीटर कुठून आले, हे कागदाशिवाय पटेल.

प्रश्न : मी सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षात शिकते. आम्हाला आघात-भारासाठी एक सूत्र शिकवले आहे : एक अधिक वर्गमूळात एक अधिक दुप्पट उंची भागिले स्थिर झोल (वजन अलगद ठेवल्यावर येणारा). ३०० किलो, १.२ मीटर आणि १५० चा आय-सेक्शन हे उदाहरण मी याच सूत्राने सोडवले (कारखाना माझ्या मामांचाच आहे) तेव्हा आघात-गुणक जवळजवळ ४७ आणि ताण १,०७० मेगापास्कल आला. एवढ्या ताणाने गर्डर तुटायला हवा होता. सूत्र चुकले की मी चुकले?

उत्तर : तुमचे गणित बरोबर आहे आणि सूत्रही बरोबर आहे, त्याची हद्द मात्र ओलांडली गेली आहे. हे सूत्र मांडताना सगळी ऊर्जा गर्डरच्या स्प्रिंगमध्येच साठते असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे उत्तर २५० मेगापास्कलच्या आत आले तर ते वापरावे. २५० च्या पुढे आले तर त्या आकड्याचा अर्थ एवढाच की स्प्रिंगचा हिशेब संपला आणि बिजागरीचा सुरू झाला. १,०७० मेगापास्कल ताण त्या गर्डरमध्ये कधी आलाच नाही, येऊ शकतही नव्हता, कारण त्याआधीच पोलाद वाकू लागले होते. लवचीक पोलाद वाकते, तुटत नाही, आणि वाकता वाकता ऊर्जा पचवते, हाच त्याचा गुण. तीच धडक बिडाच्या गर्डरला बसली असती तर तुमच्या मामांच्या पत्राचा सूर वेगळा असता.

तुमच्या सूत्राचा एक चांगला उपयोग मात्र आहे. ते उलटे फिरवून पाहा. ताण २५० ला ठेवायचा तर गुणक जास्तीत जास्त ११ चालतो आणि त्यावरून उंची येते सुमारे साडेपाच सेंटिमीटर. ३०० किलोचा बीम चार बोटांच्या अंतरावरून सुटला तरी हा गर्डर यील्डच्या उंबरठ्यावर येतो, हे मामांना आवर्जून सांगा. उंची शून्य घातली, म्हणजे वस्तू गर्डरला टेकवून एकदम सोडली, तरी गुणक १ येत नाही, २ येतो, हेही त्याच सूत्रातून दिसते.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करतो. भारतीय मानकात विजेवर चालणाऱ्या क्रेनसाठी चाकावरच्या भारात २५ टक्के आणि हाताने चालवायच्या क्रेनसाठी १० टक्के आघाताची वाढ धरायला सांगितले आहे. ही वाढ भार उचलताना, थांबवताना बसणाऱ्या हिसक्यांसाठी आहे. हुक निसटून भार पडण्याचा त्यात विचार नाही. ‘आम्ही २५ टक्के धरले आहेत’ असे सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांनी निसटलेल्या भारासाठी काहीच धरलेले नसते.

जमाखर्चाची पद्धत केव्हा वापरावी, याचा ढोबळ नियम असा : धडकेची ऊर्जा स्प्रिंगच्या ऐपतीच्या निदान पाच-सहा पट असावी आणि पडणारी वस्तू गर्डरपेक्षा बरीच जड असावी. मामांच्या गर्डरमध्ये २५० मेगापास्कलने हे गुणोत्तर १३ च्या जवळ आणि झटक्याचा विचार केला तर सहाच्या वर येते, तेव्हा पद्धत चालते. हलकी आणि अतिशय वेगवान वस्तू आदळली तर मात्र बिजागरी मध्यभागी स्वस्थ बसत नाही. ती धडकेच्या जागेपासून दोन्हीकडे पळत जाते आणि गर्डर त्या जागेजवळच जास्त वाकतो, कारण टोकांना काय झाले याची वार्ता पोहोचायच्या आतच निम्मे काम उरकलेले असते. ई. डब्ल्यू. पार्क्स यांनी १९५५ साली एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याच्या मोकळ्या टोकावर वजन आदळवून हे दाखवून दिले : जड वस्तूने दांडा मुळाशी वाकतो, हलक्या आणि वेगवान वस्तूने टोकाजवळ वाकतो. तुम्हाला पुढे प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा प्रयोग कार्यशाळेत लोखंडी पट्टीवर करण्यासारखा आहे. मात्र डोळ्यांना चष्मा आणि समोर जाळी हवीच.

टोके भिंतीत घट्ट बसवली असती तर काय झाले असते, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. तेव्हा मध्यभागी एक आणि टोकांना दोन अशा तीन बिजागऱ्या लागल्या असत्या, विरोधाचा जोर दुप्पट झाला असता आणि ९३ च्या जागी ४४ मिलिमीटरच झोल आला असता. पण हे कागदावर. विटांची भिंत २७ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट घेत नाही, ती फुटते. शिवाय टोके आत सरकायला वाव नसेल आणि झोल गर्डरच्या उंचीच्या तोडीचा होऊ लागला, तर गर्डर दोरीसारखा ताणला जातो, तेव्हा तो आणखी विरोध करतो खरा, पण त्याच वेळी दोन्ही भिंती आत ओढतो. हा सगळा हिशेब संगणकावर घालण्याआधी हाताने करा. संगणक चुकीच्या टोकांनाही नेटके रंगीत चित्र काढून देतो.

प्रश्न : गोदामातला असाच एक वाकलेला गर्डर गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करून देतो, असे एक वेल्डर म्हणतो. करून घ्यावा का?

उत्तर : मुख्य भार घेणारा गर्डर असेल तर माझे उत्तर नाही, असेच आहे. तापवून सरळ करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, पण ती तापमानावर नजर ठेवणाऱ्या हाताची आहे; लालबुंद करून वर पाणी ओतणाऱ्या हाताची नाही. वाकलेल्या गर्डरची भार घेण्याची ताकद लगेच कमी होत नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. मात्र ताणला गेलेला खालचा पट्टा पुन्हा दाबून सरळ केला की पोलादाची लवचीकता घटते, वेल्डच्या कडांना बारीक भेगा असू शकतात आणि पुढच्या धडकेला ते काय करील याची खात्री देता येत नाही. मधला मीटरभर भाग कापून भंगारात घाला, टोकांचे चांगले तुकडे ब्रॅकेटला वापरा आणि नवा गर्डर बसवण्याआधी भिंतीतले टेकूचे दगड हलले आहेत का ते आवर्जून पाहा. धडकेचा जोर त्यांच्यावरही आला होता.

प्रश्न : होटगी रस्त्यावर आमचे गोदाम आहे. माल भरायला येणारे टेम्पो मागे घेताना फाटकाच्या खांबाला धडकतात, म्हणून आम्ही जमिनीत १०० मिलिमीटरचा मध्यम जाडीचा पाइप रोवून काँक्रीट भरले आहे. तरी तो वाकतो. किती वेगाने धडकल्यावर किती वाकेल, याचा काही अंदाज आहे का, आणि जाड पाइप घालावा का?

उत्तर : तुमचा पाइप म्हणजे जमिनीत रोवलेला गर्डरच आहे, त्याची बिजागरी एकच आणि ती जमिनीलगत. ११४.३ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ४.५ मिलिमीटर जाडी धरली, यील्ड ताण २४० मेगापास्कल धरला, तर प्लॅस्टिक मोमेंट सुमारे १३ किलोन्यूटन-मीटर येतो. ऊर्जेला मोमेंटने भागले की पाइप किती रेडियन वाकला ते थेट मिळते, इतका हा हिशेब सोपा आहे.

भरलेला टेम्पो दीड टनाचा धरू. ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने तो मागे आला तर त्याची ऊर्जा सुमारे १,४५० ज्यूल असते आणि पाइप सहा अंशांच्या थोडा वर वाकतो. डोळ्याला हे जेमतेम कळते. वेग ताशी १० किलोमीटर झाला की ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते आणि पाइप २५ अंशांनी झुकतो. तुमचा पाइप नेमका किती झुकला आहे ते ओळंबा लावून मोजा, म्हणजे ‘मी हळूच घेत होतो’ म्हणणाऱ्या चालकाचे म्हणणे किती खरे आहे, ते तुम्हाला कळेल. टेम्पोचा बंपर आणि झटक्याने वाढलेली पोलादाची ताकद यांनी काही भार उचललेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष वेग या हिशेबापेक्षा थोडा जास्तच असणार.

या हिशेबात एक गंमत आहे. धडक कोणत्या उंचीवर बसली याने कोन बदलत नाही, जोर मात्र बदलतो. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धडक बसली तर टेम्पोला २६ किलोन्यूटनचा विरोध होतो, एक मीटरवर बसली तर निम्माच. म्हणून खांब उंच असून उपयोग नसतो. बंपरच्या उंचीपेक्षा थोडा वर असला की पुरे.

जाड पाइप घालण्याबद्दल माझे मत सावध आहे. खांब वाकतो तेव्हा तो तुमच्या फाटकाच्या वाट्याची ऊर्जा स्वतः पचवत असतो. अजिबात न वाकणारा खांब घातला तर तीच ऊर्जा टेम्पोच्या चासीत किंवा खांबाच्या पायात जाईल, आणि पाया जमिनीतून उखडला की पाइप बदलण्यापेक्षा मोठा खर्च येतो. पाइपमध्ये काँक्रीट भरलेत हे चांगले केले, कारण पोकळ पाइप धडकेच्या जागी चेपून अंडाकृती होतो आणि मग त्याचा मोमेंट झपाट्याने घसरतो. आता फक्त पायाचा काँक्रीटचा ठोकळा १३ किलोन्यूटन-मीटरपेक्षा निश्चित जास्त मोमेंट घेईल एवढा मोठा आहे का ते तपासा. खांब वाकताना त्याच्याभोवतीच्या फरशीला भेग पडून एका बाजूने माती वर आलेली दिसत असेल, तर पाइप नव्हे, पाया अपुरा आहे, आणि जाड पाइप घातल्याने तो आणखी लवकर उखडेल.